संयुक्त विद्यमाने

माझ्या टेबलाच्या खणात अर्ध्या डॉलरचं एक चांदीचं नाणं आहे. एका बाजूला कोलंबस, दुसऱ्या बाजूला त्याचं जहाज, जहाजाखाली पृथ्वीचे दोन गोलार्ध आणि तळाशी साल, १८९३. शिडांच्या रेघा पुसत आल्यात. कोलंबसाचे केस कपाळाशी एकजीव झालेत. नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी याला फारशी किंमत नाही, कारण अशी झिजलेली नाणी पुष्कळ मिळतात. मी मात्र ते झिजलेलं होतं म्हणूनच घेतलं.

हे नाणं म्हणजे सरकारी अनुदान आहे. अनुदानातून पाडलेलं नव्हे, अनुदानच.

शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना पैसे कमी पडायला लागले. (आपल्याला शिकागो म्हटलं की विवेकानंदांचं ११ सप्टेंबरचं भाषण आठवतं. ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.) संयोजकांनी अमेरिकेच्या संसदेकडे ५० लाख डॉलर मागितले. संसदेने निम्मे दिले, आणि तेही सरळ हातात नाहीत. अर्ध्या डॉलरची ५० लाख नवी नाणी पाडून देतो, ती आठवण म्हणून एकेक डॉलरला विका, म्हणजे तुमचे ५० लाख होतील, असा हिशेब. वर अट अशी की रविवारी प्रदर्शन बंद ठेवायचं. त्या अटीवरून पुढे कोर्टकचेरी झाली.

आता प्रसिद्धीवाल्याच्या खुर्चीत बसून बघा. प्रदर्शनाची जाहिरात करायचीच आहे, त्यात मिळालेल्या अनुदानाचीही जाहिरात करून ते खपवायचं आहे! पहिलं नाणं एका टाइपरायटर कंपनीने १० हजार डॉलरला घेतलं. त्याची बातमी सगळीकडे छापून आली, कंपनीचंही नाव झालं. पण साधा माणूस म्हणाला, अर्ध्या डॉलरला एक डॉलर कशाला मोजू? त्यात १८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली, बँका बुडाल्या. लाखो नाणी पडून राहिली. बरीच पुन्हा वितळवली, बाकीची दर्शनी किमतीला बाजारात सोडून दिली. माझं नाणं त्यांतलं असावं. आठवण म्हणून घेतलेलं नाणं डबीत राहतं, ते झिजत नाही. हे कुणीतरी घोडागाडीवाल्याला दिलंय, त्याने दुकानात दिलंय, असं पुढे पुढे.

माझा या विषयाशी संबंध पोटापाण्याचा. चोवीस वर्षं मी प्रदर्शनांच्या प्रसिद्धीचं काम केलं. जागतिक वगैरे नाही. औद्योगिक, शेतीची, पुस्तकांची, एकदा तर फक्त पंपांचं. या धंद्यात काही शब्द असे आहेत की त्यांच्यावरून सगळं कळतं. आमंत्रणपत्रिकेवर ‘यांच्या संयुक्त विद्यमाने’ असेल तर त्या माणसाने पैसे घातलेत. ‘यांच्या सहकार्याने’ असेल तर जागा नाहीतर परवानगी दिलीय. ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’ म्हणजे भाषण करून जाणार.

एकदा एका कार्यालयाने तोंडी ‘करून टाका’ म्हणून सांगितलं आणि आम्ही चार हजार पोस्टरं त्यांच्या बोधचिन्हासकट, संयुक्त विद्यमाने म्हणून छापून मोकळे झालो. पत्र येईना. उद्या येतं, परवा येतं. उद्घाटनाला नऊ दिवस असताना निरोप आला, आमचा पाठिंबा नैतिक आहे. मग रात्री बसून आम्ही पाच जणींनी चार हजार पोस्टरांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. खळ संपली तेव्हा टेप लावली. टेपखालून बोधचिन्ह दिसायचं ते दिसायचंच.

आमचे हिशेबनीस शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मदतीला नाही, चहाला. ते म्हणाले, “बाई, तुम्ही सगळ्यांना विचारता की काय देणार. तोटा झाला तर सही कुणाची, ते एकदा विचारून बघा. निम्मी गर्दी उठून जाईल.”

तेव्हा राग आला होता. पुढे मोठमोठ्या प्रदर्शनांची हकीकत वाचायचा नाद लागला, तेव्हा हाच प्रश्न हातात धरून वाचत गेले, आणि बहुतेक कुलपं त्याच किल्लीने उघडली.

सुरुवात १८५१ ची, लंडनच्या हाइड पार्कमधली. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट आणि हेन्री कोल नावाचा खटपट्या अधिकारी ही त्यामागची माणसं. लोकांना वाटतं राजघराणं पाठीशी म्हणजे पैशाला काय तोटा. प्रत्यक्षात सरकारी तिजोरीतून खर्च करायचाच नाही, असं ठरलेलं. सरकारने काय दिलं? शाही आयोग नेमला, बागेतली जागा दिली, पोलीस दिले, आणि परदेशांना बोलावणी धाडायला आपली वकिलातीची यंत्रणा दिली. पैशासाठी आधी मंडे नावाच्या ठेकेदारांशी करार झाला: भांडवल त्यांचं, नफ्यात वाटा त्यांचा. त्यावर ओरड झाली, राष्ट्रीय कामात खासगी ठेकेदार नफा खाणार म्हणून. करार मोडला. मग वर्गणी. कोलबाबूंनी गावोगाव समित्या केल्या, सभा घेतल्या. पण वर्गणी कासवाच्या चालीने येत होती आणि तारीख ठरलेली होती, १ मे.

गाडं हललं ते हमीने. सॅम्युएल मॉर्टन पेटो या रेल्वे बांधणाऱ्या कंत्राटदाराने ५० हजार पौंडांच्या हमीवर सही केली. एक पैसा काढून दिला नाही, फक्त तोटा झाला तर एवढ्यापर्यंत मी, असं लिहून दिलं. त्याच्यामागून बाकीच्यांनी सह्या केल्या, आणि त्या यादीवर बँक ऑफ इंग्लंडने कर्ज दिलं. हमीची ती यादी मला प्रदर्शनासाठी उभारलेल्या काचेच्या महालापेक्षा सुंदर वाटते. धंद्याचा दोष म्हणा.

इमारतीचं तर आणखी मजेदार. स्पर्धेत अडीचशेच्या आसपास आराखडे आले आणि एकही घेतला नाही. समितीने स्वतःच विटांचा एक अजस्र प्रकार काढला, तो पाहून लोक खवळले. कर्नल सिबथॉर्प नावाचे एक खासदार बागेतल्या एल्म झाडांसाठी संसदेत आग ओकत होते. (त्यांचा परदेशी पाहुण्यांनाही विरोध होता. झाडं हे निमित्त.) त्याच वेळी जोसेफ पॅक्स्टन, मूळचा माळी, एका रेल्वेच्या बैठकीत बसला असताना टिपकागदावर काचघराचं चित्र काढतो. पुढे त्याने समितीच्या निर्णयाची वाट पाहिली नाही. आराखडा सरळ ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये छापून आणला. लोकांना चित्र आवडलं आणि समितीला नाही म्हणणं अवघड झालं. प्रसिद्धी कुणाकडे तोंड करून करायची, हे त्या माळ्याला नेमकं कळलं होतं. आमच्यासारखे वीस वर्षं प्रेक्षकांकडे तोंड करून ओरडत बसतात.

उद्घाटनानंतर काही आठवड्यांनी आठवड्यातले चार दिवस प्रवेश एक शिलिंग केला. मजूर येतील, दंगा करतील, अशी भीती घातली गेली होती. मजूर आले आणि शिस्तीत बघून गेले. साठ लाखांहून जास्त भेटी, १ लाख ८६ हजार पौंड शिल्लक. दक्षिण केन्सिंग्टनची जमीन त्यातूनच घेतली, आज संग्रहालयं उभी आहेत ती. हमीदारांना एक पेनी भरावी लागली नाही.

हे यश पाहून पुढे सगळ्यांना वाटलं की जागतिक प्रदर्शन म्हणजे फायद्याचा धंदा. व्हिएन्नाने १८७३ साली १ मे ला दारं उघडली, ९ मे ला शेअरबाजार कोसळला, मग उन्हाळ्यात कॉलरा आला. याच्यापुढे प्रसिद्धी काय करणार?

अमेरिकन प्रकरणं मात्र तपशिलात वाचावीत. फिलाडेल्फियाने १८७६ साली दहा-दहा डॉलरचे शेअर विकले, बायकांच्या समितीने घरोघरी फिरून पैसा उभा केला, तरी अपुरं पडलं. मग संसदेने १५ लाख डॉलर दिले. हे दिलेले अनुदान की कर्ज? घेणाऱ्यांना वाटलं अनुदान. प्रदर्शन संपल्यावर भागधारक शिल्लक वाटून घ्यायला निघाले तेव्हा सरकार म्हणालं, आधी आमचे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल सरकारच्या बाजूने लागला. एका कलमाच्या शब्दरचनेवर १५ लाख डॉलर! मी हे वाचलं त्या दिवशी हिशेबनिसांना फोन केला. ते इतके खूश झाले की म्हणाले, निकालाची प्रत मिळेल का.

सेंट लुईसने १९०४ ला कागद पक्का केला. लुइझियानाचा प्रदेश फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला घेतला होता, त्या खरेदीची शताब्दी. म्हणून भांडवलही दीड कोटी: ५० लाख शहराने, ५० लाख नागरिकांच्या वर्गणीने, ५० लाख केंद्र सरकारने. आकडाच जाहिरात करतो. कुणालाही एका वाक्यात सांगता येतो. (शताब्दी १९०३ ची, प्रदर्शन एक वर्ष उशिरा झालं. तेवढं चालतं.)

शिकागोकडे परत येते, कारण प्रसिद्धीचं स्वतंत्र खातं तिथे खऱ्या अर्थाने दिसतं. मोझेस हँडी नावाचा वर्तमानपत्रातला माणूस त्याचा प्रमुख. त्याची अडचण नवीन प्रदर्शनाच्या प्रत्येक प्रसिद्धीवाल्याची असते: दाखवायला काहीच नाही. सरोवराकाठची दलदल आहे, त्यात खांब ठोकताहेत. तेव्हा त्याने छापायला तयार मजकूर वर्तमानपत्रांना वेगवेगळ्या भाषांतून पाठवायला सुरुवात केली, सतत, आणि न बांधलेल्या नगरीची उंचावरून पाहिल्यासारखी चित्रं सगळीकडे फिरवली. आता त्याला रेंडर म्हणतात. मी पण केलंय ते काम. अजून डांबर न पडलेल्या रस्त्यावर छत्री घेतलेली हसरी माणसं बसवायची.

इतकं करूनही पहिले महिने गर्दी बेताचीच होती. ९ ऑक्टोबरला, शहर जळालं त्या घटनेच्या वाढदिवशी, ‘शिकागो दिवस’ जाहीर केला, आणि एका दिवसात सात लाखांहून जास्त लोक आले. त्या गल्ल्यातून १५ लाखांचं कर्ज फिटलं. स्वतःच्या शहराला स्वतःच्या दुःखाच्या दिवशी बोलावलं. कल्पना कुणाची होती कोण जाणे, त्या माणसाला माझा नमस्कार.

चाळीस वर्षांनी त्याच शहराने दुसरं प्रदर्शन भरवलं ते मुद्दाम सरकारी अनुदानाशिवाय. एक कोटी डॉलरचे रोखे काढले, तारीख २८ ऑक्टोबर १९२९. दुसऱ्या दिवशी वॉल स्ट्रीट गडगडली. तरी श्रीमंत हमीदार मागे होते म्हणून ते तगलं, दोन हंगाम चाललं आणि सगळे रोखे फेडले. आणि उद्घाटन! १९३३ साली स्वाती ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीतून प्रकाशघटावर घेतला आणि त्या विजेच्या इशाऱ्याने दिवे लावले. स्वाती तेव्हाच्या मोजणीने ४० प्रकाशवर्षं दूर, म्हणजे आज पोचलेला किरण १८९३ च्या प्रदर्शनाच्या वेळी निघालेला. स्वातीच्या थेंबाचा मोती होतो हे आपण ऐकून असतो. इथे तिच्या किरणाची हेडलाइन झाली.

जागतिक प्रदर्शनांविषयीच्या १९२८ च्या पॅरिस करारानंतर हा खेळ बदलला. आता बीआयई नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिथे शहर अर्ज करत नाही, देशाचं सरकार करतं. सदस्य देश मत देतात. म्हणजे प्रसिद्धीची पहिली फेरी संपूर्णपणे राजदूत, मेजवान्या आणि शिष्टमंडळं यांची. प्रेक्षक अजून चित्रातच नाही. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाचा प्रमुख रॉबर्ट मोझेस याने १९६४ ला हे सगळं धुडकावलं. दोन हंगाम चालवणार, देशांकडून जागेचं भाडं घेणार, दोन्ही नियमाबाहेर. संस्थेने सदस्यांना जाऊ नका म्हणून सांगितलं, आणि बरेच मोठे देश गेले नाहीत. सात कोटींचा अंदाज, आले पाच कोटी. रोखे घेणाऱ्यांना डॉलरमागे ६२ सेंट मिळाले.

याउलट मॉन्ट्रियल. खरं तर १९६७ चा मान मॉस्कोचा, त्यांनी १९६२ मध्ये अंग काढून घेतलं. नदीत बेटं तयार करण्यापासून सुरुवात. वेळापत्रक संगणकाला घातलं तर तो म्हणाला, होणार नाही. पण खर्चाची वाटणी लेखी होती: केंद्र निम्मा, क्वेबेक साडेसदतीस टक्के, शहर साडेबारा. शेवटी तूट २१ कोटी कॅनेडियन डॉलरच्या घरात गेली, ती याच सरकारांनी सोसली. तरी लोक अजून त्या प्रदर्शनाचं नाव प्रेमाने घेतात. तिकिटाला पासपोर्टचं रूप दिलं, प्रत्येक दालनात शिक्का. ही युक्ती मी नंतर पंपांच्या प्रदर्शनात उचलली होती. पंपांना शिक्के कोण घेणार? पोरांनी घेतले, आणि पोरांना घेऊन बाप आले.

हॅनोव्हरचं, २००० सालचं, वाचताना मात्र अंगावर काटा येतो. चार कोटींचा अंदाज धरून बजेट बांधलं आणि आले एक कोटी ऐंशी लाखांच्या घरात. दिवसाचं तिकीट ६९ मार्क. विषय ‘माणूस, निसर्ग, तंत्रज्ञान’. यात शाळेचा निबंध दिसतो, पण मी तिथे जाऊन बघणार काय, ते दिसत नाही. प्रदर्शन चालू झाल्यावर घाईघाईने जाहिराती बदलल्या, पीटर उस्तिनॉव्हसारखे चेहरे आणले, संध्याकाळची तिकिटं स्वस्त केली. लोक वाढले, पण खड्डा भरला नाही. सुमारे २४० कोटी मार्कांचा तोटा केंद्र आणि राज्याच्या गळ्यात पडला. माझं मत, तिथे प्रसिद्धी चुकली त्याहून मोठी चूक अंदाजाची होती. तोटा भरणारा पक्का आहे म्हटल्यावर अंदाज करणाऱ्याचा हात सैल सुटतो. सरकारी सहीचं हे दुसरं अंग हिशेबनिसांनी मला सांगितलं नव्हतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, “तुम्ही तोट्याचं विचारलंत, अंदाजाचं कुठे विचारलंत?”

सही मागे घेतली की काय होतं तेही बघायला मिळालं. २०२५ च्या यजमानपदासाठी फ्रान्सची तयारी बरीच पुढे गेली होती. जानेवारी २०१८ मध्ये पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी आर्थिक भरवसा वाटत नाही म्हणून उमेदवारी मागे घेतली. एक पत्र, विषय संपला. त्या कचेरीत छापून पडलेल्या कागदांचं काय झालं असेल, मला सारखं तेच डोळ्यांसमोर येत होतं. पांढऱ्या पट्ट्या लावूनही उपयोग नाही.

ओसाकाला मिळालं. मी गेले होते, सप्टेंबरमध्ये, साठवलेले पैसे मोडून. बांधकामाचा अंदाज १२,५०० कोटी येनवरून २३,५०० कोटींवर गेला, तीन वाटे: देश, ओसाका प्रांत आणि शहर मिळून, आणि उद्योगजगत. खर्च वाढतोय म्हणून शिव्या, तिकिटं खपत नाहीत म्हणून शिव्या, आणि शुभंकर म्याकु-म्याकु तर लोकांना आधी किळसवाणाच वाटला. लाल गोळ्यांची माळ, त्यात डोळे, खाली निळं अंग. मी गेले तोवर त्याच्याच बाहुल्यांच्या दुकानापुढे रांग होती.

लाकडाच्या त्या दोन किलोमीटर घेराच्या वर्तुळाकार कड्याखाली मी पाऊण तास उभी होते. पुढे एक आजी. हातात तसाच शिक्क्यांचा पासपोर्ट, मॉन्ट्रियलसारखा. शिक्का मारायच्या टेबलापाशी पोचल्यावर त्यांनी आधी पान बोटाने सपाट केलं, शिक्का शाईवर दोनदा टेकवला, मग दोन्ही तळव्यांनी सगळा भार टाकून दाबला आणि मनात आकडे मोजले असावेत, कारण ओठ हलत होते. उचलून बघितलं. एक कोपरा उमटला नव्हता. मागे वळून आम्हा सगळ्यांची मान लववून माफी मागितली आणि शेजारच्या कोऱ्या पानावर पुन्हा मारला.

परत आल्यावर हिशेबनिसांकडे गेले. आता ऐंशीच्या पुढचे आहेत, नजर अधू झालीय. सोबत खणातलं नाणं नेलं होतं, त्याची सगळी कथा सांगितली: अनुदान, एक डॉलरची किंमत, न खपलेले ढीग. त्यांनी ते बोटांत धरून फिरवलं, कडेवरून अंगठा फिरवला.

“एका बाजूला काय लिहिलंय?”

“युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका.”

“आणि मागे?”

“प्रदर्शनाचं नाव.”

“प्रदर्शनाच्या बाजूने खपलं नाही म्हणता,” ते म्हणाले, “पण बाजारात अर्ध्या डॉलरला कुणी नाही म्हटलं नाही ना?” आणि नाणं माझ्या हातात देऊन चहा मागवला.